आमची गैरहजेरी आम्हाला परत द्या

समाजमाध्यमांची रचना करणाऱ्या अभियंत्यांना, डिझायनरांना आणि प्रॉडक्ट मॅनेजरांना,

स. न. वि. वि.

ॲपमध्ये कुठलं बटण कुठे असावं, कुठली खूण आपोआप दिसावी, कुठलं सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू असावं, हे तुम्ही ठरवता. कंपन्यांच्या मालकांना संसदांपुढे बोलावलं जातं, न्यायालयात खेचलं जातं, त्यांच्यावर अग्रलेख लिहिले जातात. तुमच्याशी मात्र फारसं कुणी बोलत नाही. माणसं एकमेकांशी कशी वागतील याचा निर्णय पुष्कळदा तुमच्या टेबलावर होतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझी मागणी छोटी आहे. माणूस आत्ता हजर आहे की नाही, शेवटचा कधी आला होता, निरोप वाचला की नाही, उत्तर टाइप करतोय की थांबलाय, कुठे आहे, कुणाबरोबर आहे, यातलं काहीही त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय दुसऱ्याला दाखवू नका. या खुणा सुरुवातीला बंद असू द्या. ज्याला हव्यात तो चालू करेल. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं, आणि त्यामुळे आमचा खासगीपणा, आमचा एकांत आणि आमची जवळची नाती ही तिन्ही एकदमच झिजताहेत, असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. लोक इतके वैतागले की त्या बंद करण्याची सोय लगोलग द्यावी लागली. ग्रुपमध्ये मात्र ती सोय मिळाली नाही. आपण ऑनलाइन आहोत हे लपवता यायला तर २०२२ साल उजाडलं. इतकी वर्षं हा प्रश्न किरकोळ समजला गेला.

तो किरकोळ नाही. पूर्वी उत्तर आलं नाही तर त्याची दहा कारणं असू शकत. निरोप पोचला नसेल, माणूस आजारी असेल, कामात असेल, काय लिहावं याचा विचार करत असेल. वाट पाहणारा आपल्या स्वभावाप्रमाणे त्यातलं एखादं कारण धरून चालायचा, आणि बहुतेक वेळा समजूतदारपणे धरायचा. या न कळण्याने किती मैत्र्या टिकवल्या असतील, सांगता येणार नाही. वाचल्याची खूण आली आणि दहा कारणांचं एकच उरलं: वाचलं, पण उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

माझ्या एका मैत्रिणीची आई गेली. घरातली गर्दी ओसरल्यावर एका रात्री अडीच वाजता तिने फोन हातात घेतला. शाळेपासूनच्या मित्राचा निरोप होता: ‘कशी आहेस, खरंच?’ त्या ‘खरंच’ने तिला रडू फुटलं. तिने उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं, आणि फोन उशाखाली सारला. पलीकडे तोही जागा होता. त्याला ‘टायपिंग’ दिसत होतं, नाहीसं होत होतं, परत दिसत होतं. मग तेही थांबलं आणि वाचल्याची खूण तेवढी राहिली. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही उत्तर नाही म्हटल्यावर त्याने मनाला लावून घेतलं आणि लिहिणं सोडलं. तिला वाटलं, तोही इतरांसारखा एकदा विचारून मोकळा झाला. पुढे भेट झाली तेव्हा उलगडा झाला, पण ज्या महिन्यांत तिला त्याची सर्वांत जास्त गरज होती ते महिने गेलेच. ती मला म्हणाली, “नुसतं ‘बरी आहे’ असं टाकलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण त्याला खोटं लिहायचं नव्हतं मला.”

जो चटकन, वरवरचं उत्तर देतो त्याचं तुमच्या रचनेत सगळं सुरळीत चालतं. जो वेळ घेतो, शब्द शोधतो, त्याच्यावर संशय येतो. मैत्रीत नेमका हा दुसरा माणूस हवा असतो.

यावरचं तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: नको असेल तर बंद करा, सेटिंगमध्ये सोय आहे. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहिते आहे.

बाकी सगळ्यांचं चालू असताना एकाने बंद केलं की त्याचीच बातमी होते. ‘लास्ट सीन का लपवलंस?’ हे नवरा बायकोला विचारतो, आई मुलाला, वरिष्ठ हाताखालच्या माणसाला. काही लपवायचं नसेल तर कशाला बंद केलंस, असा पुढचा प्रश्न तयारच असतो. आणि ज्या घरात आधीपासून पाळत आहे तिथे हा प्रश्न राहत नाही, धमकी होते. फोन दाखव, पासवर्ड सांग, रात्री साडेअकराला कुणाशी बोलत होतीस. अशा घरातल्या बाईला सेटिंग बंद करता येत नाही, कारण बंद केल्याचीच तिला शिक्षा होते. तुमच्या सेटिंगच्या पानावर तिच्यासाठी एक बटण आहे आणि ते दाबण्याची मुभा तिला नाही. तिला उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट आहे: सगळ्यांचंच मुळात बंद असणं. मग तिचं बंद असणं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. हे ती स्वतः करू शकत नाही, मी तिच्यासाठी करू शकत नाही. तुम्ही करू शकता.

कायद्याला हा विचार अनोळखी नाही. युरोपीय संघाची डेटा संरक्षण नियमावली २५ मे २०१८ पासून लागू झाली. तिचं पंचविसावं कलम सांगतं की सुरुवातीची मांडणीच खासगीपणा जपणारी हवी. माणसाने स्वतः काही केल्याशिवाय त्याची वैयक्तिक माहिती कितीही लोकांपुढे खुली होता कामा नये. माझ्या जन्मतारखेला हे तत्त्व लागू पडत असेल तर माझ्या रात्रीच्या जागरणालाही ते लागू पडायला हवं.

खासगीपणाबद्दल तुम्ही आम्हाला नेहमी एकेकट्याला गाठून विचारता. मी ‘मान्य आहे’वर बोट ठेवते, माझ्यापुरता विषय संपतो. पण माझी माहिती माझ्या एकटीच्या हातात कधीच नसते. माझा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे त्या सगळ्यांनी आपापली कॉन्टॅक्ट लिस्ट तुमच्या स्वाधीन केली की मी कुणाच्या ओळखीची, कुठल्या डॉक्टरांची पेशंट, कुठल्या वकिलांची अशील, याचा अंदाज बांधणं सोपं होतं. जून २०१३ मध्ये फेसबुकने एक तांत्रिक चूक जाहीर केली होती. सुमारे ६० लाख लोकांचे इमेल पत्ते आणि फोन नंबर भलत्यांना मिळू शकत होते, आणि त्यात ओळखीच्यांनी चढवलेल्या यादीतली, त्या माणसांनी स्वतः कधीच न दिलेली माहितीही होती. २०१९ मध्ये ट्विटरवरच्या लिखाणाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एखादा माणूस पुढे काय लिहील याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या लिखाणावरून जितका बांधता येतो, जवळपास तितकाच त्याच्या आठ-नऊ संपर्कांच्या लिखाणावरून बांधता येतो, असं त्यात दिसलं. खातं बंद करून निघून गेलेला माणूसही पुरता निघून जात नाही तो असा.

सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावरचा आपला गाजलेला लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर झटपट छायाचित्रं टिपणारे कॅमेरे होते आणि दुसऱ्यांच्या घरात डोकावणारी वर्तमानपत्रं होती. एकटं राहू देण्याचा हक्क त्यांनी मागितला तो परक्यांपासून. आज आमचं खासगी आयुष्य बहुधा आमचीच माणसं उघड करतात, तेही प्रेमापोटी.

आमच्या नात्यातल्या एका तरुण मुलीला कर्करोगाचं निदान झालं. आधी भावाला प्रत्यक्ष भेटून सांगायचं आणि मग दोघांनी मिळून आईवडिलांना सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. कुठल्या शब्दांत सांगायचं याची मनातल्या मनात तयारीही चालू होती. रुग्णालयात भेटलेल्या एका परिचित बाईंनी तिच्याबरोबर फोटो काढला, ‘लवकर बरी हो, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत’ असं लिहून टाकला आणि तिला टॅग केलं. संध्याकाळपर्यंत खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. भावाला बहिणीचा आजार फीडमधून कळला. त्याचा फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ‘तू कशी आहेस’ हे नव्हतं, ‘मला का नाही सांगितलंस’ हे होतं. त्या बाईंचा हेतू चांगलाच होता आणि त्यांना मी दोष देत नाही. टॅग केलेला फोटो इतरांना दिसण्याआधी त्या मुलीकडे मंजुरीसाठी गेला असता तर एवढ्यावर निभावलं असतं. तशी सोय त्या ॲपमध्ये होती. ती सुरुवातीला बंद ठेवलेली होती.

एकांताबद्दल जरा जपून बोलायला हवं, कारण तो आम्हाला मुळातच सहजी झेपत नाही. मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना रिकाम्या खोलीत थोडा वेळ आपल्या विचारांबरोबर बसायला सांगितलं होतं. त्यातल्या एका प्रयोगात पंधरा मिनिटांच्या बैठकीत हवा तर विजेचा सौम्य झटका घेण्याची मुभा होती. हा झटका टाळायला आपण पैसेही देऊ, असं आधी सांगणाऱ्या ४२ जणांपैकी १८ जणांनी तो एकदा तरी स्वतःहून घेतला.

स्वतःजवळ बसणं कमवावं लागतं, हे यातून मला कळतं. पूर्वी ते नकळत कमावलं जायचं: कुणाची वाट पाहताना, रांगेत उभं असताना, झोप लागेपर्यंतच्या अंधारात. या सगळ्या फटी तुम्ही बुजवल्या. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. पानाचा शेवट ही उठण्याची जागा होती, ती गेली.

एकांतात सर्वांत मोलाचं जे घडतं ते म्हणजे मत बदलतं. रात्री रागाच्या भरात ठाम वाटलेली गोष्ट सकाळपर्यंत निवळते, चार दिवसांनी तिची दुसरी बाजू दिसते, आणि कुणी पाहिलेलं नसल्याने माघार घ्यायला लाज वाटत नाही. तेच मत रात्री पोस्ट झालं की सकाळी ते आपल्या हातात उरत नाही. शंभर जणांनी त्याला लाइक केलेलं असतं, दोघातिघांशी भांडण झालेलं असतं, आणि मग माणूस स्वतःच्याच अर्ध्याकच्च्या मताची वकिली करत बसतो. मला यात तरुण मुलांची फार काळजी वाटते. पंधराव्या वर्षी माणूस दर महिन्याला वेगळा असतो आणि असायलाच हवा. जुनं टाकून द्यायला त्याला कुणाची परवानगी लागू नये, साक्षीदारही असू नयेत.

याच मुलांसाठी स्नॅपचॅटवर ‘स्ट्रीक’ आहे. दोघांनी रोज एकमेकांना एखादा फोटो किंवा व्हिडिओ पाठवत राहिलं की आकडा वाढतो, एक दिवस चुकला की तो जातो. परीक्षेच्या दिवसांत किंवा प्रवासात आकडा तुटू नये म्हणून मुलं आपला पासवर्ड मित्रमैत्रिणींकडे सोपवतात, आणि त्यांच्या नावाने दुसरंच कुणी छताचा नाहीतर भिंतीचा फोटो पाठवतं. हे त्या मुलांचं खुळेपण म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. मैत्रिणीचं मन दुखावू नये या त्यांच्या खऱ्या भावनेवर कुणीतरी तो आकडा बसवलेला आहे.

आता जवळच्या माणसांविषयी. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या प्रौढांच्या पाहण्यांवरून दाखवलं की फेसबुकवर दीडशेच्या वर मित्र असले तरी संकटात हाक मारावी असे सरासरी चारच निघतात. समाजमाध्यमांनी ते चार वाढवलेले नाहीत. या चौघांशी आपलं नातं मुख्यतः सांगण्यावर उभं असतं. दोन मैत्रिणी बऱ्याच दिवसांनी भेटतात. एक प्रवासाचं सांगू लागते, दुसरी मध्येच म्हणते, “हो, पाहिले मी फोटो.” गोष्ट तिथेच थांबते. फोटोत नसलेलं सगळं, वाटेत झालेलं भांडण, परतताना दाटून आलेली उदासी, सांगायचं राहून जातं, कारण तिथवर पोचायला आधी फोटोतलं सांगावं लागतं आणि ते तर आधीच पाहून झालेलं असतं. दुसरीने दुर्लक्ष केलेलं नसतं, उलट लक्ष ठेवलेलं असतं. तरी दोघी घरी जाताना काहीतरी अपुरं वाटतं.

२०१८ मध्ये अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी स्वेच्छेने सहभागी झालेल्यांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला, घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबरचा वेळ वाढला, समाधान थोडं वाढलं, बातम्यांची जाण मात्र कमी झाली. फरक लहान होता आणि मी तो फुगवून सांगणार नाही. फोन फेकून द्या असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. दुर्मीळ आजाराने ग्रासलेल्या मुलाच्या आईला जगाच्या दुसऱ्या टोकाला तशीच एक आई सापडते, घराबाहेर न पडू शकणाऱ्या माणसाला सोबत मिळते, हे मी पाहिलेलं आहे आणि त्याबद्दल तुमचे आभार मानते. पण त्या दोघी आयांना एकमेकींचं लास्ट सीन लागत नाही.

‘लोकांनाच हे हवं असतं’ असं तुमच्या बैठकांत म्हटलं जात असेल, तर एप्रिल २०२१ आठवा. ॲपलने आयफोनवर नियम केला की इतर ॲप्स आणि वेबसाइट्सवर माग काढायचा असेल तर आधी विचारा. त्याआधी माग काढू देणारे लोक समाधानी आहेत असं मानलं जात होतं. सरळ प्रश्न विचारला गेला आणि बहुसंख्यांनी नाही म्हटलं. या बदलामुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल, असा अंदाज खुद्द मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, मांडला. लोकांना काय हवं होतं ते त्यांना विचारल्यावरच कळलं. २०२१ च्याच मे महिन्यात इन्स्टाग्रामने लाइकचे आकडे लपवण्याची मुभा दिली, पण सुरुवातीला आकडे दिसतेच ठेवले.

म्हणून एक ठोस गोष्ट मागते. प्रयोग कसे करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा फेसबुकने ६,८९,००३ जणांचं फीड त्यांना न सांगता बदललं होतं, त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो ते पाहायला. आता एक प्रयोग सांगून करा. एखाद्या मोठ्या समूहाला आधी पूर्ण कल्पना द्या, त्याचा होकार घ्या, आणि सहा महिने सगळ्यांच्याच हजेरीच्या, वाचल्याच्या आणि टाइप करत असल्याच्या खुणा बंद ठेवा. टॅग मंजुरीशिवाय दिसू देऊ नका. कॉन्टॅक्ट लिस्ट मागू नका. ॲपवर किती वेळ गेला हे मोजू नका, ते तुम्ही रोजच मोजता. लोकांनी सविस्तर उत्तरं किती लिहिली, एकमेकांना फोन किती वेळा केला, प्रत्यक्ष किती वेळा भेटले, उत्तर उशिरा आलं म्हणून किती जणांचं बिनसलं, हे त्यांना विचारा. पाळतीखाली राहणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थांना प्रयोगाच्या आखणीपासून बरोबर घ्या, कारण कुठली खूण कुणाच्या जिवावर उठते हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. आणि जे निघेल ते, तुमच्या कंपनीच्या सोयीचं नसलं तरी, जसंच्या तसं प्रसिद्ध करा. सहा महिन्यांनी ज्यांना खुणा परत हव्या असतील त्यांनी त्या आपापल्यापुरत्या चालू कराव्यात. किती जण करतात, तोही आकडा आम्हाला कळू द्या.

उत्तराची घाई नाही.

कळावे,
आपली,
एक वापरकर्ती